बाटलीतला गहू

बोगादीच्या दुकानात बिस्किटाचा पुडा घेतला, तर त्यात गहू असल्याची सूचना वेष्टणावर छापलेली असते. शांपू, कंडिशनर वा द्रवसाबणाच्या बाटलीवर तोच गहू ‘ट्रिटिकम व्हल्गेर’ अशा लॅटिन नावाने बारीक अक्षरांत दडतो. सीलिअ‍ॅक रुग्णाला धोका असतो तो पोटात जाणाऱ्या ग्लूटेनचा. गव्हाची अ‍ॅलर्जी मात्र निराळी. जपानमध्ये गव्हाची विघटित प्रथिने असलेला साबण वापरून २,००० हून अधिक लोकांना ती जडली. पुढे गव्हाचे पदार्थ खाल्ले तरी त्यांना त्रास होई. २०११ साली तो साबण परत मागवावा लागला. मग खाद्यपदार्थांचा नियम प्रसाधनांना का नसावा? ‘ग्लूटेनमुक्त’ या महागड्या बिरुदापेक्षा ‘यात गहू आहे’ हे तीन शब्द ग्राहकाच्या भाषेत छापणे अधिक उपकारक ठरेल. तोवर शिकेकाई-रिठा आहेतच. अर्थात तेही प्रथम कोपराच्या आतल्या बाजूस लावून पाहावेत.