नाथांच्या बोलपटाचे नाव का बदलले?



परवा लोहा तालुक्यातल्या एका गावी घाटेअळीवर बैठक झाली. नंतर पारावर चहा घेताना एका तरुणाने विचारले, "सायेब, पिक्चरवर बंदी घालतेत म्हंजे काय करतेत? आन् आपल्याला काई कळत न्हाई का?" प्रश्न शेतीचा नव्हता, पण त्यातला दुसरा भाग मनाला लागला. म्हणून आज पिकाचे लिहीत नाही.

आपल्या पैठणच्या नाथमहाराजांचेच पाहा. १९३५ साली प्रभात कंपनीने त्यांच्यावर बोलपट काढला. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे, तर नाथांच्या भूमिकेत स्त्रीभूमिकांनी गाजलेले बालगंधर्व. नाव ठेवले 'महात्मा'. राज्य इंग्रजांचे, महात्मा म्हटले की लोकांपुढे गांधीजीच उभे राहणार! त्यातून पडद्यावरचे नाथ अस्पृश्याच्या घरी जेवायला बसतात. अखेर नाव बदलून 'धर्मात्मा' करावे लागले. त्याआधी १९३० साली याच कंपनीच्या शिवाजी महाराजांवरील मूकपटाच्या नावात 'स्वराज्य' शब्द होता. तोही खटकला आणि मूकपट 'उदयकाल' या नावाने आला. म्हणजे कधी कधी भीती चित्राची नसते, पाहणाऱ्याला त्यातून काय उमगेल याची असते.

आता तुम्ही म्हणाल, नाथांनी वाळवंटातले पोर उचलून घेतले ही कथा कीर्तनात नेहमीच ऐकतो. तिथे कुणी दाखला मागत नाही, मग सिनेमालाच का? ख्वाजा अहमद अब्बास यांच्या खटल्यात १९७० साली सर्वोच्च न्यायालयाने याचे उत्तर दिले. चित्रपट मनाची पकड इतर कलांपेक्षा अधिक घेतो, म्हणून तो आधी तपासणे घटनेला धरून आहे, असे न्यायालयाने म्हटले. हे मला पटते. परंतु तपासणीच्या नावाखाली काय होऊ शकते, तेही आपण पाहिले आहे. आणीबाणीत 'किस्सा कुर्सी का' या सत्ताधाऱ्यांची टिंगल करणाऱ्या चित्रपटाच्या मूळ फिती नष्ट झाल्या. अमृत नाहाटा यांना तो पुन्हा काढावा लागला.

१९५२ च्या कायद्याप्रमाणे देशाची सुरक्षितता, सार्वजनिक शांतता, सभ्यता, बदनामी अशा कारणांवरून मंडळ दृश्ये कापायला सांगते किंवा दाखला नाकारते. नाकारला तर निर्मात्याने उच्च न्यायालयात जायचे. मधले अपील न्यायाधिकरण २०२१ मध्ये बंद झाले. कधी दाखला मिळूनही दंगलीच्या भयाने राज्य सरकार खेळ थांबवते. त्या तरुणाच्या प्रश्नाचे खरे उत्तर इथेच आहे. १९८९ साली एका तमिळ चित्रपटाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणाले की, चित्रपट साधारण समजुतीच्या माणसाच्या नजरेने पाहावा. कुणी मोर्चा काढील, तोडफोड करील, एवढ्यावरून तो रोखता येत नाही. शांतता राखणे हे सरकारचेच काम.

माताभगिनींसाठी एक खूण. चित्रपटाच्या आरंभी दाखला दिसतो. त्यावरचा देवनागरी 'अ' म्हणजे सर्वांसाठी, 'व' म्हणजे फक्त प्रौढांसाठी. इंग्रजी 'ए' मात्र प्रौढांचा! अनेकांची इथेच गफलत होते. २०२३ च्या दुरुस्तीने मधल्या वर्गात ७, १३ आणि १६ वर्षे असे टप्पे केले आहेत. त्याखालच्या मुलांना दाखवायचे की नाही, हे आईबापांनी ठरवायचे. मोबाइलवर कुणी काहीही टाकतो, त्या फितींना मात्र असा दाखला नसतो.

घाटेअळीचे राहिलेले पुढील अंकी.