वीस लाख पाहुणे, तरी तिजोरीला टंचाई

मालदीवची लोकसंख्या सुमारे पाच लाख. २०२४ मध्ये तिथे वीस लाखांहून अधिक पर्यटक आले. घरच्या एका माणसामागे चार पाहुणे! तरीही त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डॉलरच्या टंचाईमुळे या देशाला भारताशी ४० कोटी डॉलर आणि ३,००० कोटी रुपयांच्या चलन-अदलाबदलीचा करार करावा लागला. एवढे पाहुणे येऊनही बरकत का नाही?

पर्यटनाने काही दिलेच नाही, असे मात्र नाही. १९७२ मध्ये पहिले रिसॉर्ट सुरू झाले, तेव्हा हा गरीब मासेमारांचा देश होता. २०११ मध्ये तो अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडला आणि आज उच्च-मध्यम उत्पन्न गटात आहे.

अडचण पुढे आहे. एक निर्जन बेट, एक रिसॉर्ट, अशी तिथली रचना. पर्यटकांच्या ताटातला तांदूळ, भाजी, मांस आणि जनरेटरचे डिझेल, सारे आयात होते. कामगारही मोठ्या संख्येने बांगलादेश, भारत, श्रीलंकेचे. त्यामुळे आलेल्या डॉलरचा मोठा हिस्सा आल्या वाटेने परत जातो. त्यात विमानतळ, पूल, घरबांधणीसाठी काढलेले कर्ज देशाच्या वार्षिक उत्पन्नाहून मोठे झाले आहे.

एकाच खांबावर घर उभे असले की धक्काही मोठा बसतो. कोरोनाच्या २०२० या वर्षात अर्थव्यवस्था सुमारे एक तृतीयांशाने आक्रसली. २०२३ मध्ये पर्यटकांत भारतीय पहिल्या क्रमांकावर, दोन लाखांहून अधिक होते. जानेवारी २०२४ मध्ये दोन्ही देशांत कटुता आली आणि ती संख्या सुमारे एक लाख तीस हजारांवर घसरली.

दुसरी वाटही तिथेच सापडते. साधारण २००९ नंतर वस्तीच्या बेटांवर गेस्टहाउसना परवानगी मिळाली. माफुशीसारख्या बेटांवर स्थानिक कुटुंबांनी खोल्या बांधल्या, बोटी घेतल्या. घर सोडून रिसॉर्टवर राहणे ज्यांना शक्य नव्हते, त्या स्त्रियांनाही गावातच काम मिळाले. या बेटांवर मद्य नाही, रमजानमध्ये दिवसा उपाहारगृहे बंद. तरी पाहुणे येतात, गावाच्या रिवाजाने राहतात. मात्र कचरा आणि गोड्या पाण्याचा ताणही आता गावालाच सोसावा लागतो.

पर्यटनाने विकास दर वाढतो, हे मालदीवने दाखवले. पण किती पर्यटक आले, एवढे मोजून भागत नाही. ते गेल्यावर गावच्या हाती काय उरले, हेही मोजावे लागते. पर्यटनावर भिस्त ठेवणाऱ्या प्रत्येक मध्यम उत्पन्न देशाने हा हिशेब आधी मांडलेला बरा.