शांतता राखा

परवा नातीचा पुण्याहून फोन आला. "आजी, शाळेत संविधान दिनाचं भित्तिपत्रक करायचंय. स्वातंत्र्य, न्याय आणि शांतता, तिन्हींवर मोठ्या माणसांची एकेक छान वाक्यं सांग ना. तू तर रोज फळ्यावर सुविचार लिहायचीस!"

लिहायचे खरी. बत्तीस वर्षं लिहिले. वहीच होती माझी सुविचारांची, पुठ्ठा घातलेली. तेच वाक्य एका वर्षी विवेकानंदांच्या नावावर आणि दुसऱ्या वर्षी टिळकांच्या नावावर गेल्याचंही आठवतं. कोणी विचारलं नाही. आता व्हॉट्सअॅपवर रोज सकाळी तशीच वाक्यं येतात तेव्हा मला हसू येतं, कारण हा उद्योग आम्ही खडूने आधीच करून ठेवला होता.

तर वही काढली. स्वातंत्र्यावर भरपूर सापडलं, न्यायावर बरंच कमी. आणि शांततेचं पान उघडलं तिथे थांबलेच.

आपल्या मराठीत या शब्दाची एक गंमत आहे. युद्ध नसणं म्हणजेही शांतता आणि तोंड मिटून बसणं म्हणजेही शांतताच. दवाखान्यात, वाचनालयात, शाळेच्या व्हरांड्यात पाटी एकच, 'शांतता राखा'. तेंडुलकरांनी १९६७ साली नाटकाच्या नावातच हा शब्द घातला. त्यातल्या बेणारेबाई शिक्षिकाच, आणि शेवटी सगळ्यांसमोर उभं करून गप्प केलं जातं ते त्यांनाच. नाटक पाहिलं तेव्हा मला फार राग आला होता. पण दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन डस्टर आपटून मी तोच शब्द ओरडले असणार. रोजच ओरडायचे.

त्यातली एक वेळ मात्र विसरता येत नाही.

२३ नोव्हेंबर १९९४. आपल्याकडे हिवाळी अधिवेशन म्हणजे काय असतं ते नागपूरकरांना सांगायला नको. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळ वर्षातून एकदा इथे येतं आणि त्याच्यामागे मोर्चे. रस्ते बंद, बांबूचे कठडे, भोंगे. त्या संध्याकाळी मी लुना घेऊन बर्डीकडून घरी निघाले होते. पोलिसांनी वळवलं, मग पुन्हा वळवलं. घरी पोचायला रात्र झाली. "या मोर्चेवाल्यांनी जीव नकोसा केलाय, चार दिवस शांतता नाही या शहराला," असं मी दारातूनच म्हणाले. माझ्याच तोंडचं वाक्य आहे, म्हणून लिहिते.

सकाळी पेपरात कळलं. गोवारी समाजाचा मोर्चा होता. अनुसूचित जमातीत आमची नोंद करा, ही मागणी. सरकारतर्फे कोणीतरी येऊन निवेदन घेईल म्हणून ती माणसं दिवसभर बसून राहिली. कोणी आलं नाही. मग लाठीमार, चेंगराचेंगरी, आणि ११४ जीव गेले. कितीतरी बाया आणि लहान मुलं. मी रस्ता बंद म्हणून चिडले होते तेव्हा तिथे माणसं मरत होती.

शाळेत गेले. फळ्यावर सुविचार लिहिला. कोणता ते आठवत नाही, आठवला असता तरी सांगायची लाज वाटली असती. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. "बाई, त्या लोकायले काय पाहिजे होतं?"

मी म्हणाले, "शांत बस. सहामाहीचे पेपर अजून अर्ध्यांनी सह्या करून आणले नाहीत, ते आधी आणा."

मला उत्तर येत नव्हतं, हे खरं. पण येत नाही असं म्हणता आलं असतं. तो बसला. पुन्हा कधी काही विचारल्याचं मला आठवत नाही. आज तो पन्नाशीच्या आसपास असेल.

झिरो माइलजवळ स्मारक आहे, उड्डाणपुलालाही गोवारी शहिदांचं नाव दिलंय. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. निकाल योग्य की अयोग्य हे सांगण्याइतका कायदा मला कळत नाही. पण त्या पुलावरून आपण सगळे किती शांततेत जातो!

याच शहरात १९२३ साली झेंडा सत्याग्रह झाला होता. झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्सकडे जायचं, एवढंच. त्यालाही बंदी हुकूम होता. अशा हुकुमांचं कारण नेहमी तेच, सार्वजनिक शांतता. लोक रांगेने जात होते, अटक करून घेत होते. जमनालाल बजाज तुरुंगात गेले, पुढे वल्लभभाई येऊन उभे राहिले. आम्ही इतिहासाच्या तासाला हे अभिमानाने शिकवत असू, आणि घरी जाताना मोर्चा आडवा आला की कपाळाला आठ्या!

आणखी मागची आठवण सांगते. १९५६ चा दसरा. मी पाच-सहा वर्षांची. पांढऱ्या कपड्यांतली माणसं रस्त्याने चालतायत, संपतच नाहीत, एवढंच चित्र डोळ्यांत आहे. १४ ऑक्टोबरला आजच्या दीक्षाभूमीवर डॉ. आंबेडकरांनी दीक्षा घेतली आणि मग लाखोंना दिली. दुसऱ्या दिवशी भाषणात त्यांनी आपण हे का केलं ते सविस्तर सांगितलं. आमच्या घरी मात्र पुढे कितीतरी वर्षं एकच वाक्य ऐकलं: "एवढी गर्दी, पण सगळं शांततेत पार पडलं हो!" कौतुकच होतं ते. पण एवढी माणसं कशाला कंटाळून निघून गेली, हे आमच्या ओट्यावर कोणी कोणाला विचारलं नाही. मीही नाही, अगदी बी.ए. झाल्यावरसुद्धा.

नातीसाठी म्हणून उद्देशिका पुन्हा वाचली. पाठ आहे, पण वाचली. न्याय पहिला आहे, मग स्वातंत्र्य, समानता, बंधुता. शांतता हा शब्दच नाही! डिसेंबर १९४६ मध्ये नेहरूंनी मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावात जागतिक शांततेचा उल्लेख होता, बंधुता नव्हती. मसुदा समितीने बंधुता घातली. १९५४ साली आकाशवाणीवरच्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितलं की स्वातंत्र्य, समता, बंधुता हे शब्द आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे, तर बुद्धाकडून घेतले. बुद्धाचं नाव निघालं की आपल्याला आधी शांती आठवते. त्यांनी तिथून उचलली ती बंधुता. मला वाटतं, ते जाणून होते. शांतता वरून लादता येते, माझ्या डस्टरसारखी. बंधुता तशी लादता येत नाही, त्यासाठी दुसऱ्याला काय पाहिजे ते आधी विचारावं लागतं.

रस्त्यावरच्या आंदोलनाचं त्यांना फार प्रेम होतं असंही नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी सांगितलं होतं की आता सनदशीर मार्ग आहेत, तेच धरा. पण विषमता लवकर घालवली नाही तर ती सोसणारेच ही लोकशाही उधळून लावतील, हेही त्याच भाषणात होतं. आपण सोयीने पहिलं लक्षात ठेवतो. अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ साली तुरुंगातून लिहिलेल्या पत्रातली तक्रार अशाच भल्या माणसांबद्दल होती, न्यायापेक्षा ज्यांना सुव्यवस्था जास्त प्यारी. म्हणजे माझ्यासारख्यांबद्दल.

मग आठवलं, शांततेचा उल्लेख संविधानात आहे की! १९ व्या कलमात. नागरिकांना शांततेने, शस्त्रांशिवाय एकत्र जमण्याचा हक्क. तिथे शांततेचा अर्थ गप्प बसणं नाही. एकत्र या, मागा, पण हात रिकामे ठेवून, असा आहे.

नातीला हेच सांगितलं. सुविचार काही पाठवला नाही. ती जरा हिरमुसली, कारण भित्तिपत्रकाला मोठ्या माणसाचा फोटो लागतो म्हणे. रात्री परत फोन. "आजी, आमच्या वर्गात 'शांतता राखा' अशी पाटी आहे. मी ते एकोणिसावं कलम त्याच्या बाजूलाच लावू? मॅडम रागावतील का?"

रागावल्या तर मला फोन लावून दे, म्हटलं.