जोडे आणि पागोटे

परदेशी जाऊन आलेल्या मंडळींनी तिकडील चालीरीती वर्णाव्यात आणि घरी बसलेल्या मंडळींनी त्यांवर आपल्या चालीरीतींची सरशी सिद्ध करावी, हा आमच्या वाङ्मयातला जुना व्यवसाय आहे. या लेखनाचा साचा इतका ठरून गेला आहे की, पहिले वाक्य वाचताच शेवटचे सांगता यावे. इंग्रज घडोघडी आभार मानतो, पण ते ओठांवरचे. आमचा शेतकरी आभाराचा शब्द उच्चारीत नाही, तो उपकार मनात ठेवतो आणि वेळ येताच फेडतो. इंग्रजाकडे जेवावयास जाणे तर आठ दिवस आधी ठरवावे लागते. आमच्याकडे वाटसरूला गूळपाणी दिल्यावाचून गाव-नाव विचारीत नाहीत. तो निघताना 'जातो' म्हणतो, आम्ही 'येतो' म्हणतो. तात्पर्य, ते कोरडे, आम्ही जिव्हाळ्याचे.

या विधानांपैकी सर्वस्वी खोटे असे एकही नाही. आमची तक्रार निराळी आहे. गूळपाणी दिले हे खरे. पण ते कोणाला दिले? ओसरीवर घोंगडी अंथरून दिले, की अंगणाच्या कडेला उभे करून वरून ओंजळीत ओतले? धाराशिवकडील ज्या गावांचे आतिथ्य हे लेखक वाखाणतात, त्या गावांत कालपरवापर्यंत या दोन्ही तऱ्हा एकाच वाड्यात, एकाच दिवशी, एकाच हातून चालत असत. त्यांतली एक तऱ्हा उचलून ती 'आपली संस्कृती' म्हणून इंग्रजाच्या टेबलाशेजारी मांडावयाची आणि दुसरीविषयी मौन धरावयाचे, याला तुलना म्हणत नाहीत, वकिली म्हणतात.

शिष्टाचार हा मनाच्या ओलाव्याचा मापदंड आहे, ही समजूतच मुळी चुकीची आहे. कोणी कोणापुढे वाकावे याची ती वही आहे. पायतणाचेच उदाहरण घ्या. आदर दाखवावयाचा तर आम्ही जोडे काढतो आणि पागोटे डोक्यावर ठेवतो. उघडे डोके आम्हांला सुतकाची आठवण देते. इंग्रज टोपी काढतो आणि बूट पायांत ठेवतो. अशा दोन रीती समोरासमोर आल्या असता एकमेकांची रीत एकमेकांनी समजून घेतली, असे घडले काय? नळदुर्ग आणि धाराशिवचा मुलूख 1853 च्या तहाने इंग्रजांकडे गेला व 1860 मध्ये पुन्हा निजामाकडे आला. त्या निजामाच्या दरबारी ब्रिटिश रेसिडेंटालाही जोडे काढून खाली बैठकीवर बसावे लागे. पुढे 1869 मध्ये अफझल-उद्-दौला वारले, जेमतेम अडीच वर्षांचे महबूब अली खान मसनदीवर आले, आणि नेमक्या त्या वेळी रेसिडेंटाने खुर्ची व बूट यांचा आग्रह धरून तो तडीस नेला. रीत तीच, दरबार तोच. बदलले होते ते पारडे. तिकडे इंग्रजी अमलात नेमके उलटे. सुरतेच्या न्यायालयात माणेकजी कावसजी एंटी या पारशी गृहस्थांना 1862 मध्ये जोडे काढण्यास सांगण्यात आले व त्यांनी ते नाकारले, तेव्हा त्याचा केवढा वाद माजला! हैदराबादेत जोडे काढणे ज्यांना अपमान वाटला, तेच सुरतेत ते काढवून घेत होते. यात कोरडेपणा कोणता आणि जिव्हाळा कोणता, हे आमच्या तुलनाकारांनी सांगावे.

टोपीचीही कथा तीच. सतराव्या शतकात इंग्लंडातील क्वेकर पंथीयांनी मनुष्यापुढे टोपी काढण्याचे नाकारले आणि लहानथोर सर्वांना एकेरी हाक मारावयास आरंभ केला. त्यांना मार व तुरुंगवास भोगावा लागला. विल्यम पेन याच्यावरील 1670 च्या खटल्यात तर टोपी डोक्यावर ठेवल्याबद्दल न्यायासनाने दंड ठोठावला. म्हणजे टोपी काढणे ही इंग्रजाची निव्वळ सौजन्याची लकब नव्हती. ती न काढणाऱ्यास शासन होते.

आता आपल्याकडे पाहू. 'नमस्कार' या शब्दाहून निरुपद्रवी शब्द मराठीत शोधून सापडणार नाही. परंतु सोनार जातीने तो वापरू नये असा पेशव्यांच्या दरबाराचा आग्रह होता, आणि त्या आग्रहाखातर मुंबईच्या कंपनी सरकारने 1779 मध्ये तेथील सोनारांना तशी मनाई केली! पुण्याचा दरबार आणि समुद्रापलीकडून आलेले व्यापारी यांची धर्म, भाषा, पेहराव यांपैकी एकाही बाबतीत एकवाक्यता नव्हती. कोणी कोणाला काय म्हणून अभिवादन करावे हे मात्र दोघांनी मिळून ठरविले. परस्परांपासून इतक्या दूर असलेल्या दोन संस्कृतींचा इतका सुरेख मिलाफ आमच्या तुलनाकारांच्या दृष्टीस कसा पडला नाही, याचे नवल वाटते.

आमच्या जिल्ह्यात तर अभिवादनावरूनच जात कळावी अशी सोय होती. कुणब्या-मराठ्यांचा रामराम, ब्राह्मणाला नमस्कार, लिंगायतांचे शरणार्थ, महानुभावांचे दंडवत, मुसलमानांचा सलाम, आणि महाराचा जोहार. पहिली पाच बरोबरीने घेता-देता येत. जोहार मात्र खालून वर जावयाचा, त्याला परतीची वाट नव्हती. चोखोबांना विठ्ठलापुढेही जोहारच घालावा लागला, एवढ्यावरून ती सवय किती खोल गेली होती ते समजावे. आजच्या धाराशिव जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे फेब्रुवारी 1941 मध्ये महार-मांग वतनदारांची परिषद डॉ. आंबेडकरांच्या उपस्थितीत भरली. वतन म्हणजे केवळ जमिनीचा तुकडा नव्हे. त्या तुकड्यापायी रात्रंदिवस राबणे, सांगावे पोहोचविणे आणि चावडीपुढे वाकून उभे राहणे हे सारे त्यात येई. मुंबई राज्यात 1958 च्या कायद्याने ही वतने गेली. जोहार त्याही आधीपासून ओसरू लागला होता आणि त्याच्या जागी 'जय भीम' आला होता, जो वर-खाली न पाहता दोन्ही बाजूंनी सारखाच म्हटला जातो. तो प्रथम कानी पडला तेव्हा गावोगावच्या शिष्ट मंडळींना फार उद्धट वाटला. वाटणारच!

स्त्रियांच्या बाबतीत मात्र आमचे इंग्रजीभक्त आपली बाजू अभेद्य समजतात. बाई आत येताच इंग्रज पुरुष उठून उभा राहतो. आमच्याकडे बाई सर्वांची जेवणे आटोपल्यावर उरल्यासुरल्यावर बसते. दुसरी गोष्ट लाजिरवाणी आहे, यात संशय नाही. पण उठून उभा राहणारा तोच पुरुष आपल्या बायकोच्या मालमत्तेचा बहुतांशी धनी असे, आणि हे 1882 च्या कायद्यापर्यंत चालले. पुरुषांच्या बरोबरीने मत देण्यास तिला 1928 पर्यंत थांबावे लागले. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये अमेरिकेच्या लोकस्थितीवर पुस्तक लिहिले. तेथील स्त्रियांचे शिक्षण, त्यांच्या संस्था, त्यांचे उद्योग यांकडे त्यांनी लक्ष दिले. कोण कोणासाठी दार उघडून धरतो एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. त्या वाटेने पुढे जाणारे आमच्यात फार थोडे निघाले.

'तर मग शिष्टाचार बुडवावा की काय?' असे कोणी विचारील. मुळीच नाही. 'येतो' म्हणून निघणे आम्हांलाही गोड वाटते. वादाचा मुद्दा एवढाच की, ज्या मराठीत तू, तुम्ही आणि आपण अशा तीन पायऱ्या आहेत, तीत बोलणाराने दुसऱ्याच्या भाषेला कोरडी म्हणण्यापूर्वी आपल्या पायऱ्यांवर कोण कोठे उभा आहे ते पाहावे. इंग्रजीने एकेरी सर्वनाम व्यवहारातून टाकून आदरार्थी रूप सर्वांना वाटून दिले. आमच्याकडे मालकाच्या दहा वर्षांच्या नातवाने साठीच्या सालगड्याला 'अरे' म्हणावे आणि गड्याने त्या पोराला 'धाकटे मालक' म्हणावे, हे आजही ऐकू येते. जिव्हाळ्यावर पुढचा निबंध लिहिणाराने आपल्या मायाळू मराठीत प्रथम त्या गड्याचे पूर्ण नाव काय, ते त्याच्या मालकाला विचारून घ्यावे. बहुतेक ठिकाणी ते मालकाला ठाऊक नसते.