हयातीतली दुरुस्ती

10 जुलै 1944 रोजी इटलीत धारातीर्थी पडलेले व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी यशवंत घाडगे यांचा पुतळा रायगड जिल्ह्यातील माणगावात आहे. रायगडच्या किनाऱ्यावर परतलेल्या माजी सैनिकांची कागदपत्रे मात्र ट्रंकेत पडून राहतात, हे या अंकाचे निमित्त. ‘पार्ट टू ऑर्डर’मध्ये, म्हणजे विवाह, अपत्यजन्म अशा बदलांच्या अधिकृत सेवानोंदीत, पत्नीचे माहेरचे नाव आणि आधार कार्डावर सासरचे असेल, तर पतीच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन अडते आणि तिला थेट पतीच्या रेजिमेंटच्या (मराठा लाइट इन्फंट्री असल्यास बेळगावच्या) अभिलेख कार्यालयाशी पत्रव्यवहार करावा लागतो. ‘स्पर्श’ या ऑनलाइन निवृत्तिवेतन प्रणालीत हयातीची वार्षिक नोंद घरबसल्या होते खरी (मुलगा मुंबईत असलेल्या वृद्धाला ती करून देणार कोण, हा प्रश्न उरतोच). म्हणून येथे नियमांपेक्षा हयातीत उरकायच्या दुरुस्त्यांवर भर असून, अलिबागच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून कोणती मदत मागता येते, हेही मांडले आहे. वाचकांनी आपले अनुभव संपादक मंडळाला जरूर कळवावेत.