हौद्याचं पांघरूण

पिकअप घेतलेल्या माणसाला पहिल्या महिन्यात सगळे एकच विचारतात, ‘टेम्पो कधी घेतलास?’ दुसऱ्या महिन्यापासून प्रश्न बदलतो, ‘मागचा हौदा असा उघडाच ठेवणार का?’ पहिल्या प्रश्नावर हसून वेळ मारून नेता येते. दुसऱ्याचं उत्तर मात्र द्यावंच लागतं. विशेषतः गाडी हिंजवडीत उभी राहत असेल आणि दर शनिवारी कासारसाईला जात असेल तर.

आपल्याकडे पिकअप म्हणजे धंद्याची गाडी. २००५ साली टाटांचा ‘एस’ आला आणि बघता बघता गल्लीबोळातला ‘छोटा हत्ती’ होऊन गेला. त्याच्यावर काय पांघरायचं हा प्रश्न कुणालाच पडला नाही. ताडपत्री टाका, दोरी आवळा, निघा. मग २०१६ मध्ये इसुझूची व्ही-क्रॉस आली, २०२२ मध्ये टोयोटाची हायलक्स आली, आणि आमच्यासारख्या लॅपटॉपवाल्यांना हौद्याचं वेड लागलं. लॅपटॉपवाला म्हटला की तो सरळ ताडपत्री कशी टाकेल? तो आधी चार रात्री जागून व्हिडिओ बघणार.

तर मंडळी, या झाकणाला जगभर ‘टोनो कव्हर’ म्हणतात. टोनो म्हणजे फ्रेंचमध्ये पिंप. जुन्या मोटारींच्या मागच्या बैठकीला ते नाव होतं, तिथून ते झाकणाला चिकटलं. कडक झाकण म्हणजे फायबरचं किंवा अॅल्युमिनियमचं. जड, महाग, आणि एकदा बसवलं की बसवलं. मऊ झाकण म्हणजे व्हिनाइलचं जाड कापड. हौद्याच्या कडांना पट्ट्या लावायच्या आणि त्यावर ते बटणांनी किंवा वेल्क्रोने ताणून बसवायचं. काही प्रकार चटईसारखे गुंडाळता येतात, काहींच्या तीन घड्या पडतात. दिसायला एकदम सॉलिड! काळंभोर, सपाट, इस्त्री केल्यासारखं. बायकोला फोटो दाखवल्याबरोबर ती म्हणाली, “हेच घे. निदान गाडीसारखी गाडी दिसेल.”

दिसण्याचं मान्य. पण आमच्या हौद्यात वर्षातून एकदा जी गोष्ट येते, तिच्यासाठी हे कापड कितपत कामाचं, हा माझा खरा प्रश्न होता.

ती गोष्ट म्हणजे तांदूळ. कासारसाईत आमचं आता एकच खाचर उरलंय. बाकीची जमीन कधी, कशी आणि कुणाच्या सह्यांनी गेली तो विषय घरात जेवताना काढायचा नाही असा अलिखित नियम आहे. त्या एका खाचरात काका अजून इंद्रायणी लावतात. ही जात वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातली, १९८७ सालची, आंबेमोहराच्या वंशातली. चिकट, वासाची, आमच्याकडे दुसरा भात कुणाला उतरत नाही. काकांचं वय बघता अजून किती हंगाम, हे कुणी विचारत नाही. भरडून आला की चार पोती तांदूळ आमच्या तीन घरांत वाटला जातो. एक आमचं, एक ताईचं, आणि दोन कोथरूडला आत्याकडे, कारण तिच्याकडे माणसं जास्त आणि हक्कही जास्त. पूर्वी ही पोती ओळखीच्या टेम्पोतून यायची. यंदा आईनेच ठरवून टाकलंय : “आता घरची गाडी आहे ना? मग.”

भाताची कापणी दिवाळीच्या आगेमागे, आणि परतीच्या पावसाचा मुहूर्तही नेमका तोच. भात कापताना त्यात वीस-पंचवीस टक्के ओल असते, ती वाळवून चौदाच्या आसपास आणली तरच दाणा टिकतो. म्हणजे काकांनी आठ दिवस अंगणात पसरून, पायाने हलवून, ढग आला की धावत गोळा करून जी ओल घालवली, ती अर्ध्या तासाच्या प्रवासात परत आत गेली तर? पोत्याला बुरशी धरते, तांदळाला कुबट वास येतो. आणि आत्या तो वास पुढच्या दिवाळीपर्यंत काढते.

म्हणून एका रविवारी आधी बोहरी आळी गाठली. तिथल्या दुकानदाराने ‘पिकअपसाठी मऊ कव्हर’ हे सगळं वाक्य ऐकून घेतलं आणि दोनच शब्द विचारले, “आत काय?” चार रात्री व्हिडिओ बघून जे कळलं नव्हतं ते इथे दहा मिनिटांत कळलं. कापडाची जाडी जीएसएमवर मोजतात, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम. निळी-पिवळी विणलेली प्लॅस्टिकची ताडपत्री हलकी आणि स्वस्त, पण ऊन लागून लागून तिचे धागे सुटतात आणि गाडीच्या वेगात फडफडून कडा फाटतात. सुती कॅनव्हास म्हणजे जुना जाणता माल : भिजला की धागे फुगतात आणि विणीतली भोकं बुजतात, शिवाय त्यातून हवा खेळते. पण ओला असताना उचलून बघा! आणि घडी करून ठेवला की आठवड्यात काळे ठिपके. तिसरं, पॉलिस्टरवर पीव्हीसीचा थर दिलेलं कापड, पाचशे-सहाशे जीएसएमच्या आसपासचं. बरेचसे मोठे ट्रक बाजूने जे पडदे लावतात, त्याच घराण्यातलं. आयात केलेलं चकाचक व्हिनाइलही त्याचंच चुलत भावंड, फक्त इंग्रजी शाळेत गेलेलं.

म्हणजे कापडाचा प्रश्न सुटला. आता आकाराचा.

दोन ओळी सीटच्या पिकअपचा हौदा साधारण पाच बाय पाच फूट आणि खोल जेमतेम दीड फूट. सपाट झाकण लावलं की त्याच्या वर काही ठेवायचं नाही, म्हणजे सायकल गेली, आईची तुळशीची कुंडी गेली. हे एकवेळ चालेल. पण सपाट कापडावर पाणी साचतं. मुळशीच्या पावसात रात्रभर गाडी उभी राहिली तर मधोमध हे एवढं तळं, कापडाला कायमची झोळी, आणि मग शिवणीतून थेंब थेंब आत. म्हणून चांगल्या कव्हरच्या खाली आडव्या कमानी असतात. विकत घेताना लोक वरचं कापड चिमटीत धरून बघतात, त्या कमानी कुणी मोजत नाही. शिवणही तशीच. सुईने शिवलं की प्रत्येक टाका म्हणजे एक भोक. गरम करून चिकटवलेला जोड केव्हाही बरा.

काकांना हे सगळं सांगितलं. त्यांनी हौद्यात उकिडवं बसून फाळका दोनदा उघडला-लावला, फटीतून बोट घालून बघितलं आणि म्हणाले, “आरं, वरनं कसलं पानी येतंय? पानी हितनं येनार. चाकाचं उडालेलं.”

अगदी खरं. फाळक्याच्या दोन्ही बाजूंना फट असते, हौद्याच्या कोपऱ्यात पाणी जायला भोकं असतात, आणि नेऱ्याकडून येणाऱ्या रस्त्यावर चिखलाचे फवारे या सगळ्यांतून आत शिरतात. कुठलंही मऊ कव्हर पूर्ण जलरोधक नसतं, बनवणारेही पाणी ‘अडवतं’ एवढंच म्हणतात. म्हणजे पोत्यांच्या वर काय आहे याच्याइतकंच खाली काय आहे हे महत्त्वाचं. काकांचा हुकूम असा की तळाला लाकडी फळ्या टाकायच्या, चार बोटं उंच, आणि पोती त्यावर. बाजारात याला भारीपैकी नाव देऊन विकत असतील. आमच्याकडे जुन्या दाराच्या फळ्या पडून आहेत.

“आन् वरचं?” मी विचारलं.

“इरलं बघितलंस ना? तसं कर.”

लावणीच्या वेळी बायामाणसं पाठीवर घेतात ते इरलं; बांबूच्या कामट्यांचं, पानांनी शाकारलेलं. हल्ली पानांच्या जागी प्लॅस्टिक असतं. वरून कमानदार, कडेला उतरतं, खालून मोकळं. पाणी थांबत नाही आणि आतला माणूस उबत नाही. काळं घट्ट व्हिनाइल दुपारच्या उन्हात तापतं, खालची हवा कोंडते आणि गार पडल्यावर आतल्या बाजूने पाणी धरतं. तंबू, कपडे, क्रिकेटचं किट यांना काही होत नाही. धान्याला आणि भाजीला होतं. कोथिंबिरीच्या दोन जुड्या अशा ठेवून बघा, घरी पोचेपर्यंत पिवळ्या.

नाना पेठेत एक उस्ताद जीपचे हूड शिवतात, त्यांच्याकडे शेवटी माप दिलं. पीव्हीसी कापड, मध्ये एक फूट उंचावणाऱ्या तीन सुट्या कमानी, फाळक्यावर सहा इंच खाली येणारी झालर, आणि पुढच्या बाजूला झाकणी असलेली दोन छोटी वाऱ्याची भोकं. मागचे दिवे आणि नंबरप्लेट झालरीखाली येता कामा नयेत, हे त्यांनीच आधी बजावलं. कमानी काढल्या की तेच कापड सपाट ताणता येईल, म्हणजे ऑफिसच्या दिवशी बायकोचं समाधान. चोरापासून संरक्षण शून्य, हे मात्र लक्षात ठेवा. मऊ कव्हर फक्त नजर अडवतं, ब्लेड नाही. लॅपटॉप केबिनमध्येच.

राहता राहिला रंग. मला फिकट राखाडी हवाय, कमी तापतो म्हणून. बायको काळ्यावर ठाम आहे. उस्ताद म्हणतात, शुक्रवारपर्यंत सांगा, ठाण बाहेरून मागवावं लागतं. आणि काकांचा काल फोन होता, लोंब्या पिवळ्या व्हायला लागल्यात.