दोन रात्रींची क्रूझ आणि बोट लागणारे मूल

उन्हाळी सुटीच्या बेतांत महाबळेश्वर, केरळ, फार तर बँकॉक यांच्या जोडीला आता क्रूझही आली आहे. मुंबईहून बोटीने गोव्याला किंवा लक्षद्वीपला जाणे मध्यमवर्गीय घरांच्या आवाक्यात आले आहे आणि मुलांच्या डोळ्यांपुढे तर जहाज म्हटले की पोहण्याचा तलाव, जादूचे प्रयोग आणि केव्हाही मिळणारे आइस्क्रीम एवढेच येते. पण ज्या घरातले मूल आंबेनळी घाटात प्लॅस्टिकची पिशवी हातात धरून बसते, त्या घरात बेत ठरण्याआधीच एक शंका डोके वर काढते: याला बोट लागली तर? त्यावर नातेवाईक, शेजारी आणि तिकीट काढून देणारा एजंट यांची उत्तरे ठरलेली असतात. एवढ्या मोठ्या जहाजावर काही कळत नाही. कळलेच तर गोळी देऊ. आणि एकदा सवय झाली की पुन्हा त्रास नाही. तिन्ही उत्तरांत थोडेथोडे तथ्य आहे, पण तिन्हींचा रोख एकच आहे: सफर ठरली तशी होणार, जुळवून घ्यायचे ते मुलाने. मला हा क्रमच चुकीचा वाटतो. मुलाला बोट लागत असेल तर महिना, मार्ग, मुक्काम आणि केबिन त्याच्या शरीराकडे बघून ठरवली पाहिजे. तसे ठरवायला बसले की लक्षात येते की सुरुवातीला सोपी म्हणून विकली जाणारी दोन रात्रींची सफरच अशा मुलाला सर्वांत जड जाते.

मुळात हा त्रास पोटाचा नाही, कानाचा आहे. आतल्या कानातल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोके कसे वळते ते मेंदूला कळवतात आणि त्यांच्या शेजारच्या दोन चिमुकल्या पिशव्या शरीर वर-खाली, पुढे-मागे कसे सरकते ते कळवतात. केबिनमध्ये बसलेल्या मुलाचे डोळे सांगतात की भिंत, पलंग, टेबल सगळे जागच्या जागी आहे. त्याच क्षणी कान सांगतो की आपण वर उचलले जात आहोत आणि पुन्हा खाली सोडले जात आहोत. या दोन साक्षी जुळल्या नाहीत की मळमळ सुरू होते. आयर्विन या डॉक्टराने १८८१ साली ‘लॅन्सेट’मध्ये ही कल्पना मांडली होती, रीझन आणि ब्रँड यांनी १९७५ साली तिला नीट सिद्धान्ताचे रूप दिले. पण सर्वांत बोलका पुरावा आहे तो १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाचा. त्यात उत्तर अटलांटिकच्या वादळी समुद्रात एकाच बोटीवर दोन प्रकारची माणसे होती: कान शाबूत असलेली, आणि दोन्ही आतले कान निकामी झालेली. शाबूत कानांची माणसे हैराण झाली. कान निकामी असलेल्यांपैकी कोणालाही बोट लागली नाही. ज्या मुलाला आपण सहज ‘नाजूक’ किंवा ‘नाटकी’ म्हणून मोकळे होतो, त्याचा कान आपले काम चोख करत असतो, एवढाच याचा अर्थ. वयाचाही यात मोठा वाटा आहे. दोन वर्षांखालच्या बाळांना हा त्रास क्वचितच होतो. पुढे तो वाढत जातो, नऊ-दहाव्या वर्षाच्या आसपास सर्वाधिक असतो आणि वयात येताना बहुतेकांचा ओसरू लागतो. म्हणजे मुलांना घेऊन हौसेने फिरायचे जे वय, तेच या त्रासाचेही वय आहे. ते रागावून किंवा समजावून बदलत नाही.

आता मोठ्या जहाजाचे. मोठे जहाज लहान होडीपेक्षा कमी हलते हे खरेच आहे, आणि पाण्याखाली पसरणाऱ्या पंखांसारख्या स्टॅबिलायझरमुळे त्याचे डावी-उजवीकडे कलणेही पुष्कळ कमी होते. पण नाळ उचलली जाऊन पुन्हा पाण्यात बसते, ती हालचाल हे पंख फारशी रोखू शकत नाहीत. आणि मळमळ घडवते ती मुख्यतः हीच वर-खाली हालचाल. ओ’हॅनलन आणि मॅकॉली यांनी १९७४ साली प्रयोगशाळेत दाखवले की साधारण पाच-सहा सेकंदांतून एकदा होणारी उभी हालचाल माणसाला सर्वांत जास्त आजारी पाडते. समुद्रावरच्या जहाजाची चाल बऱ्याचदा याच पट्ट्यात पडते. ब्रिटनच्या लॉथर आणि ग्रिफिन या संशोधकांनी २०,००० हून अधिक बोटप्रवाशांची पाहणी केली होती. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत सुमारे ७ टक्के प्रवाशांना उलटी झाली होती, २१ टक्क्यांना थोडे अस्वस्थ वाटले होते, आणि वय वाढत जाईल तसा त्रास किंचित कमी होत होता. ही मोठ्या, नियमित चालणाऱ्या प्रवासी बोटींवरची माणसे होती. तेव्हा ‘काही कळत नाही’ हे आश्वासन कोणी ठामपणे देत असेल तर ते त्याने स्वतःच्या कानाच्या भरवशावर दिलेले असते.

केबिन कुठली घ्यायची याचे उत्तर याच भौतिकशास्त्रात आहे, आणि ते जाहिरातीच्या उलट आहे. जहाज सी-सॉसारखे मधल्या भागावर तोलले जाते. टोकाला बसलेला जास्त उचलला जातो, मधला कमी. वरच्या डेकवरची, पुढच्या बाजूची, बाल्कनीची महागडी केबिन ही अशा मुलासाठी सर्वांत वाईट जागा. खालच्या डेकवरची, बरोबर मध्यावरची केबिन स्वस्त असते आणि रात्री आडवे पडून डोळे मिटायला तीच उत्तम. जागेपणी मात्र बिनखिडकीच्या खोलीत बसणे त्रासाचे, कारण क्षितिज दिसले की डोळा आणि कान यांची तक्रार बरीच मिटते. म्हणून झोप खाली आणि जागेपण उघड्या डेकवर, अशी दिवसाची विभागणी करावी. मुलांचे खेळघर अनेकदा वरच्या मजल्यांवर असते, तिथे समुद्र थोडा खवळलेला असताना मुलाला तासन्‌तास सोडू नये. आणि हातात मोबाइल तर मुळीच देऊ नये. जवळच्या स्थिर पडद्यावर खिळलेली नजर म्हणजे मळमळीला आमंत्रणच.

सवयीचा मुद्दा मात्र जास्त गंभीरपणे घ्यावा लागतो, कारण तो खरा आहे. समुद्रावर मेंदू नव्या हालचालीशी जुळवून घेतो. बहुतेकांना त्यासाठी दोन ते तीन दिवस लागतात. आता दोन रात्रींच्या सफरीचे गणित मांडून पाहा. संध्याकाळी जहाज सुटते, पहिली रात्र आणि दुसरा दिवस मूल सर्वांत वाईट अवस्थेत असते, तिसऱ्या दिवशी जरा हुशारी येते तोवर बॅगा भरायची वेळ होते. सवयीचा फायदा पदरात पडण्याआधीच सफर संपते, आणि मुलाच्या मनात राहतात फक्त ते दीड दिवस. शिवाय सगळ्यांनाच पुरती सवय होते असेही नाही. चार्ल्स डार्विन १८३१ ते १८३६ अशी जवळपास पाच वर्षे ‘बीगल’ जहाजावर होता आणि बोट लागण्याने अखेरपर्यंत बेजार होता. त्याने ती सफर निभावली कशी, तर जमिनीवर राहून. त्या पाच वर्षांतली तीनहून अधिक वर्षे त्याने किनाऱ्यावर काढली. जहाज किनाऱ्याची मोजणी करत फिरे, तो घोड्यावरून आतल्या प्रदेशात जाई आणि पुढे कुठेतरी पुन्हा जहाज गाठी. मला यात पालकांसाठी सरळ धडा दिसतो. सलग समुद्रावर राहणारी छोटी सफर घेण्यापेक्षा मध्ये खऱ्या अर्थाने जमीन देणारी सफर घ्यावी: मुरगावला उतरून दिवसभर गोव्यात फिरता येईल अशी. लक्षद्वीपच्या बाबतीत एक गोष्ट आधी समजून घ्यावी. तिथे प्रवाळांमुळे मोठी जहाजे बाहेर थांबतात आणि प्रवाशांना लहान होड्यांतून बेटावर नेतात. जहाजाला लागून हेलकावणाऱ्या होडीत उतरण्याची वाट पाहणे हाच अशा मुलासाठी दिवसातला सर्वांत कठीण वेळ असतो.

यावर आक्षेप येईल की लांब सफर म्हणजे जास्त पैसे, आणि मुलाला तिथेही सोसले नाही तर सुटकाही नाही. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच पहिली पायरी क्रूझ असू नये. हिवाळ्यातल्या एखाद्या सकाळी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो, किंवा गेटवेवरून घारापुरीला जाणारी लाँच, हा तासाभराचा प्रवास मुलाबद्दल पुष्कळ सांगून जातो. बंदराच्या आतले पाणी तुलनेने शांत असते, त्यामुळे तिथे निभावले म्हणजे भर समुद्रात निभावेलच असे नाही. पण तिथेच मूल आडवे झाले तर त्या वर्षी क्रूझचा विचार सोडून अलिबागला दोन दिवस राहून यावे, हे उत्तर नक्की मिळते.

हिवाळा म्हटले ते उगाच नाही. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्राचे वेळापत्रक कोळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवायच्या हा त्याचाच भाग. पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँचही बंद असतात. पण त्याआधीचा मे महिना शांत असतो असे शहरात गृहीत धरले जाते, ते बरोबर नाही. उन्हाळ्यात दुपारनंतर वायव्येचा वारा जोर धरतो आणि महिना उतरणीला लागतो तशी नैऋत्येकडून लांबची लाट येऊ लागते. शाळेची सुटी मेमध्ये म्हणून क्रूझही मेमध्ये, हा हिशोब मुलाच्या सोयीचा दिसतो खरा, पण त्याच्या कानाच्या सोयीचा नाही. नाताळची सुटी याहून कितीतरी बरी. हिवाळ्यातही अधूनमधून उत्तरेकडच्या वाऱ्याने समुद्र उसळतोच, म्हणून हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राचा लाटांचा अंदाज पाहावा. तो सर्वांना खुला आहे. मासेमार तो पाहून समुद्रात जातात. पालकांनीही निघण्याआधी पाहायला हरकत काय?

राहिली गोळी. औषधाला माझा विरोध नाही. बालरोगतज्ज्ञाने वय आणि वजन पाहून दिलेले औषध पुष्कळ मुलांची सफर सावरते. विरोध आहे तो मोठ्यांची पाकिटातली गोळी अर्धी मोडून देण्याला. घाटाच्या प्रवासासाठी आपल्याकडे सर्रास घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांत प्रोमेथाझिन असते. दोन वर्षांखालच्या मुलांना ते देऊ नये, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने दिला आहे, कारण त्याने श्वास मंदावून मुले दगावल्याच्या नोंदी आहेत. मोठ्या मुलांनाही याने गुंगी येते, आणि काही मुले उलट चिडचिडी, अस्वस्थ होतात. म्हणून पहिला डोस जहाजावर देऊ नये, डॉक्टरांना विचारून घरीच एकदा देऊन पाहावा. मळमळ सुरू झाल्यावर पोटाची हालचालच मंदावते, तेव्हा गोळी दिली तरी ती वेळेवर रक्तात पोहोचत नाही. ती आधीच द्यावी लागते. जुलाब-उलट्यांत डॉक्टर देतात ते ऑन्डान्सेट्रॉन या त्रासावर फारसे चालत नाही, हेही पालकांना माहीत हवे. आले चघळायला द्यायला हरकत नाही. मनगटाच्या पट्ट्यांचा पुरावा कच्चा आहे. आणि कुठलेही औषध दिले तरी पाच-सहा सेकंदांची ती लाट तशीच राहते.

एक आक्षेप जास्त विचार करायला लावणारा आहे. एवढी तयारी, एवढी चर्चा मुलासमोर केली तर त्याच्या मनात भरेल आणि नसलेला त्रास सुरू होईल. मनाचा वाटा आहे, हे नाकारता येणार नाही. इस्रायली नौदलाच्या छात्रांवर ईडन आणि झुक यांनी केलेल्या, १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, ज्यांना ‘तुम्हाला बोट लागण्याची शक्यता कमी आहे, आणि लागली तरी तुम्ही काम निभावाल’ असे आधी सांगितले, त्यांना खरोखरच कमी त्रास झाला. पण यातला दुसरा अर्धा भाग विसरू नये. त्यांना काही होणारच नाही असे सांगितले नव्हते, झाले तरी निभेल असे सांगितले होते. मुलाशीही असेच बोलावे: पोटात ढवळले तर लगेच सांग, आपण वर जाऊ, दूर बघत उभे राहू, थोड्या वेळाने बरे वाटेल. लहान मूल ‘मळमळते’ असे म्हणतही नाही. ते आधी गप्प होते. जांभया देते, ओठ पांढरट पडतात, कपाळावर गार घाम येतो, तोंडात सारखी लाळ येऊन ते आवंढे गिळत राहते, आणि विचारले तर ‘पोट दुखतंय’ म्हणते. ही दहा-पंधरा मिनिटे ज्या आईबापांनी ओळखली त्यांचे मूल उघड्या हवेत सावरण्याची शक्यता असते. उलटी झालीच तर पाणी किंवा ओआरएस चमच्याचमच्याने, दर काही मिनिटांनी द्यावे. ग्लासभर एकदम दिले की तेही बाहेर येते.

आजी-आजोबांकडे ठेवून जावे, असे काही जण सुचवतात. मूल स्वतःच नको म्हणत असेल तर ते जरूर ऐकावे. पण त्याला जायचे असताना फक्त आपल्या सोयीच्या तारखा बदलायला नकोत म्हणून त्याला मागे ठेवणे मला पटत नाही. तारखा बदलता येत नाहीत याचे एक कारण मात्र पालकांच्या हातात नाही: सफरींचे पैसे महिनोन्‌महिने आधी भरावे लागतात आणि लाटांचा भरवशाचा अंदाज जेमतेम काही दिवस आधी मिळतो. समुद्रपर्यटन वाढवायचे म्हणणाऱ्या कंपन्यांनी केबिन जहाजाच्या कुठल्या भागात आहे ते तिकिटावरच दाखवावे, त्या महिन्यातल्या समुद्राचा नेहमीचा स्वभाव जाहिरातीत छापावा, आणि बारा वर्षांखालच्या मुलासह जाणाऱ्या कुटुंबाला निघण्याच्या तीन दिवस आधीपर्यंत, अंदाज पाहून, दंडाशिवाय तारीख बदलू द्यावी.